मापाचं पोलकं आणि काकांची सनई

यंदा उन्हाळा मुकाट्याने आला. चैत्र संपत आला, आटगावच्या पुढचा पळस फुलून गळूनही गेला, आणि शहापूरच्या रस्त्याला दुपारची ती किर्र काही ऐकू येईना. झाडांच्या सालींना चिकटून बसणारे किडे एप्रिलच्या उन्हात सगळं रान डोक्यावर घ्यायचे, ते गेले कुठे? गाडीतल्या गाडीत मी निकाल देऊन टाकला. रस्ते रुंद झाले, झाडं गेली, किडे गेले. निकाल द्यायला मला वेळ लागत नाही, इंजिनिअर आहे मी. शेजारी माझी लेक ईशा कानांत इअरफोनची बोंडं खुपसून बसली होती. तिला काही विचारण्यात अर्थ नव्हता.

आम्ही सापगावला चाललो होतो, बाळाराम काकांच्या नातीच्या हळदीला. बाळाराम काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रस्त्यात मांडव दिसायला लागले, आंब्याच्या टहाळ्यांचे, केळीच्या खुंटांचे. एका दारात स्पीकरच्या पेट्या टेम्पोतून उतरत होत्या. पेट्या उतरताना पाहिल्या की मला अजून परीक्षा आठवते. परीक्षा आणि हळद या दोन गोष्टी माझ्या मनात त्या एका लग्नसराईपासून कायमच्या एकत्र शिजल्या आहेत.

नवं शतक लागून दोनतीन वर्षं झाली असतील. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि अभ्यासासाठी मिळालेल्या सुट्टीत मी भातसानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये ठाण मांडून बसले होते. वडील धरणावर नोकरीला. कॉलनीत झाडं भरपूर, त्यामुळे किड्यांचा आवाजही भरपूर. दुपारी लोडशेडिंग झालं, पंखा थांबला, की तो आवाज खिडकीतून आत येऊन बसायचा. गॅलरीत आईच्या कुरडया वाळत असायच्या आणि त्यांच्या चिकाचा आंबूस वास माझ्या पुस्तकांना लागायचा. मी पुस्तक उघडं ठेवून घामाने ओली व्हायची आणि वीज यायची वाट बघायची. आईला वाटायचं, पोरगी अभ्यासाला आसुसली आहे. पोरगी काकांच्या सिंथेसायझरला आसुसली होती.

काका बेंजो पार्टीत वाजवायचे. आमच्याकडे हळदीला नाचायचं म्हणजे बेंजो पार्टी हवीच. खरा बेंजो, तो बटणं दाबून तारा छेडायचा, केव्हाच माळ्यावर गेला होता. त्याच्या जागी कीबोर्ड आला आणि नाव तेच राहिलं. काकांचा सिंथेसायझर जुना, कोणा मुंबईच्या वादकाने वापरून विकलेला. त्यात सनई नावाचा एक आवाज होता, तो ऐकून काका म्हणाले होते, "सर्दी झालीय याला." मग त्यांनी बटणं फिरवून फिरवून स्वतःची सनई बनवली. इंग्रजी येत नव्हतं, पडद्यावरच्या शब्दांचा अर्थ कळत नव्हता. फिरवायचं, ऐकायचं, परत फिरवायचं. शहापूर-मुरबाडच्या हळदींमध्ये ती सनई ओळखली जायची. सकाळी भेंडी तोडायची, तिच्या बारीक काट्यांनी खाजणाऱ्या बोटांना खोबरेल लावायचं, आणि तीच बोटं संध्याकाळी पट्ट्यांवर. त्यांच्या कीबोर्डच्या पट्ट्या कायम तेलकट असत. माझे कान काकांवर गेलेत असं आई म्हणायची, म्हणजे आकाराने. सुपासारखे आहेत.

मला त्या वर्षी एक विषय होता, फंक्शनल प्रोग्रॅमिंग. कंसांनी भरलेली ती भाषा वर्गात कोणालाच झेपत नव्हती. मला मात्र ती पहिल्या आठवड्यात आवडून गेली, कारण तिचा एक नियम होता: जे हातात आलंय ते बदलायचं नाही. त्याच्यावरून नवं बनवायचं, जुनं होतं तसं ठेवायचं. आणि काकांचा सिंथेसायझर नेमका याच्या उलट वागायचा. बटण फिरवून साठवलं की आधीचा आवाज गेला. काका एकदा गणपतीत बनवलेली सनई पुसून बसले होते आणि दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. तिथून मला कल्पना सुचली. यंत्राच्या पोटातला आवाज म्हणजे शेवटी आकड्यांची रांग असते. किती धारदार, किती लवकर सुरू, किती थरथर. त्याला पॅच म्हणतात. वडिलांच्या मागे लागून घेतलेल्या कॉम्प्युटरला एक वायर जोडली की ती रांग कॉम्प्युटरवर उतरायची. मग मी छोटी छोटी फंक्शनं लिहिली. एक धार कमी करणारं, एक थरथर वाढवणारं, एक सूर वरखाली सरकवणारं. आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक जोडायची. या बाजूने काकांचा पॅच आत, त्या बाजूने नवा बाहेर, आणि काकांचा आपल्या जागी जसाच्या तसा.

काकूला हे सगळं समजावण्याचा माझा फार आग्रह. ती उंबऱ्यात बसून भेंडी निवडत होती. ऐकून म्हणाली, "म्हंजे शिंप्यासारा. शिंपी मापाचा पोलका कापतो काय? तो समोर ठेवतो नि नव्या कापडाला कात्री लावतो." आमच्या सरांना हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं. मी पेपरात मापाचं पोलकं लिहून यायची हिंमत केली नाही, एवढंच.

त्या सराईत पार्टीचं एक दुखणं सुरू झालं होतं. पार्टी चालवणारा मंगेश, काकूचा भाचा, सापगावचाच. हळदीच्या तारखा ठरवायचा, टेम्पो आणायचा, वाजवणाऱ्यांना गोळा करायचा. त्याने एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं, "वैशू, लोकं तक्रार करतात गो. काकांची सनई टोचते. मागल्या हळदीला बायका पोरांना उचलून मांडवाच्या मागं गेल्या. मी कल्याणच्या एका कीबोर्डवाल्याशी बोललोय. काकांना बोलायला माजी जीभ वळत नाय."

मलाही सनई टोचत होती. दोन वर्षांपूर्वी ती अशी नव्हती. मी धिटाईने काकांना म्हणालेही होते, "काका, थोडी टोचते." ते म्हणाले, "येडी हायस. उलट मशीन बसत चाललाय. दर वर्सी आवाज धुरकट होतो, मी जरा धार लावतो, पुन्ना धुरकट होतो." त्यांनी वायरी बदलल्या होत्या, स्पीकर बदलला होता, यंत्र उघडून त्यातली झुरळंसुद्धा काढली होती. पावसात भात, उन्हाळ्यात भेंडी, आणि वर्षातून एवढे दोन महिने कीबोर्ड. या दोन महिन्यांसाठी काका इस्त्रीचा शर्ट ठेवत. ते महिने गेले तर काका नुसते शेतकरी उरणार होते, आणि ते त्यांना सोसणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

खरं काय ते कळलं माझ्या एका गाढवपणामुळे. मंगेशने ठरवलं होतं की नाच सुरू होण्याआधी सोनूबाईने हळदीची गाणी म्हणायची, मागे कीबोर्डचा ठेका. सोनूबाई आमच्या भागातली धवलारीण, लग्नात गाणी म्हणून विधी पुढे नेणारी बाई. तिचा आवाज खाली, भरदार. काकांनी यंत्रात भरून ठेवलेली चाल वरच्या पट्टीत. मंगेश म्हणाला, बाई, जरा वर चढा. सोनूबाई म्हणाली, "माजा गळा जिथं हाय तिथं हाय. तुमच्या पेटीला खाली उतरवा." म्हणून मी कीबोर्ड घरी नेला आणि चालीची ती सगळी नोंद कॉम्प्युटरवर घेतली. कोणती पट्टी, केव्हा, किती जोरात, एवढंच त्यात असतं. आवाजाचा त्यात थेंबही नसतो, तो यंत्र आपल्या पदरचा घालतं. प्रत्येक पट्टीचा आकडा खाली सरकवणारी एक ओळ लिहिली. एकच ओळ, सगळ्या नोंदींवरून हात फिरवणारी! मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दुपारी काकांच्या अंगणात तालीम. नातेवाइकांच्या लग्नासाठी घातलेला मांडव अजून उतरवला नव्हता, त्याच्या सावलीत. सोनूबाईने पदर खोचला, काकांनी ठेका सुरू केला. सूर बरोबर उतरले होते. ढोलकी मात्र बेपत्ता. तालाच्या नोंदीत आकडा म्हणजे सूर नसतो, वाद्य असतं. हा आकडा ढोलकी, तो आकडा झांज, पलीकडचा आणखी काही. मी सूर म्हणून सगळ्यांनाच सरकवलं होतं. थाप पडायची तिथे डब्याचं झाकण पडल्यासारखा आवाज, आणि प्रत्येक मात्रेवर अगदी बारीक, वरची टिंग. टिंग, टिंग, टिंग. गाईच्या गळ्यातली घंटा तरी बरी. मंगेश खाली बसला हसून. सोनूबाईने तोंडाला पदर लावला, खांदे हलत होते. काकू भेंडीसकट उठून आत गेली. मीसुद्धा हसत सुटले, लाज वाटायची ती नंतर वाटली.

काका वाजवत होते. एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"झाकनासारा वाजतंय, ते कळला मला. येवढा हसाया काय झाला?"

"अवो काका, ती घंटी!" मंगेश म्हणाला.

"कसली घंटी?"

त्यांनी वाकून कान पेटीला लावला. पेटीतून टिंग टिंग चाललीच होती. अंगणातलं हसू एकेकाच्या तोंडावरून उतरलं. काका सरळ झाले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "वैशू, घंटी हाय काय खरंच?"

मी हो म्हणाले.

मग मंगेश आणि सोनूबाई गेल्यावर आम्ही दोघं बसलो. मी एक साधा सूर लावला, तो हळूहळू वर नेत गेले, आणि काकांना सांगितलं, ऐकू येतो तोवर हात वर ठेवा. हात वर होता. मग खाली आला. यंत्रातून सूर येतच होता, मला स्वच्छ ऐकू येत होता, आणि काकांचा हात मांडीवर होता. मी परत खाली आले, परत वर गेले. हात त्याच जागी खाली यायचा. दारात उभी राहून काकू बघत होती. ती म्हणाली, "मी कवापासून बोलतंय. घड्याल पी पी करतंय तर हे उठत नाय. मला वाटला आळस करतात."

काका पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. तेवढ्या वेळात मला बाहेरच्या आंब्यावरचे किडे ऐकू येत होते, आणि ते काकांना ऐकू येत नाहीत हे पहिल्यांदा समजत होतं. मला रडू आलं. वीस वर्षं कानाशी स्पीकर घेऊन बसलेला माणूस, आणि आम्ही सगळे त्याच्या सनईला नावं ठेवत होतो.

"म्हंजे मशीन चांगला व्हता," शेवटी काका म्हणाले. "उगाच झुरळांना मारला."

मी हसले आणि मग मंगेशने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. कल्याणचा कीबोर्डवाला, पोरांना उचलून नेणाऱ्या बायका, सगळं. त्यांना दुसऱ्याकडून कळावं असं मला वाटेना.

"मंग आता? धार काडून टाकतीस?"

"हो. म्हणजे लोकांसाठी."

"आनि मला काय ऐकू येईल? धूर? मला माजा सूर ऐकू आला नाय तर मी वाजवू कसा गो?" त्यांनी कीबोर्डवर पंजा पसरून ठेवला, कोणी ओढून नेत असल्यासारखा. "माजी सनई मोडायची नाय."

तेव्हा मला मापाचं पोलकं आठवलं. मोडायची कशाला? मंगेशच्या घरी तशाच यंत्राचा, पट्ट्या नसलेला पण आवाज तेच काढणारा डबा धूळ खात पडला होता. काकांच्या कीबोर्डमध्ये काकांची सनई, हवी तेवढी धार असलेली, राहू द्यायची. तिचा आवाज फक्त काकांच्या गुडघ्याशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरला. कीबोर्डमधून एक वायर त्या डब्याला. डब्यात माझ्या फंक्शनांमधून निघालेली मवाळ सनई, आणि तिचा आवाज मांडवातल्या मोठ्या पेट्यांना. काका पट्टी दाबणार एकदा, वाजणार दोन्हीकडे.

काकांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "यातला खरा आवाज कोनता?"

"दोन्ही खरे."

"परीक्षेत असा लिवू नकोस," काका म्हणाले.

मुरबाडकडच्या एका गावात हळद होती. दिवस कलला होता, उन्हाने तापलेल्या अंगणावर पाणी शिंपडलं होतं आणि त्याचा वाफाळ वास येत होता. ओल्या हळदीच्या ताटाभोवती बायकांची दाटी, आणि त्या दाटीपासून चार हातांवर आमच्या पेट्या. मंगेश ओठ चावत उभा. मी परीक्षेला घाबरत नव्हते तेवढी तिथे घाबरले होते. ढोलकी या वेळी ढोलकीच होती. सोनूबाई तिच्या पट्टीत पहिली ओळ म्हणून थांबली आणि काकांनी सनई उचलली.

मी सनई ऐकतच नव्हते, बायकांकडे बघत होते. पेटीजवळच्या एकीने सवयीने पदर कानावर ओढला होता. तिने तो थोडा सोडला. मग पुरता खांद्यावर टाकला आणि कडेवरच्या पोराला नाचवायला लागली. कोणी उठून गेलं नाही. सनई सापगावच्या अंगणात पहिल्यांदा ऐकली होती तशी, मऊ आणि किंचित चिरलेली, मांडवभर फिरत होती. काका डोळे मिटून वाजवत होते. मी वाकून त्यांच्या गुडघ्याजवळच्या स्पीकरला कान लावला आणि झटकन मागे आले, एवढी ती टोचली. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. मंगेशने त्यानंतर कल्याणचं नाव काढलं नाही.

सराई संपेपर्यंत काका दर आठवड्याला सनईला नवी धार लावायचे आणि मी तिच्यावरून मांडवासाठी नवी मवाळ सनई बनवायची. अभ्यासाचं जे व्हायचं ते झालं. पास झाले, पण सर माझ्याकडे बघून मान हलवायचे. नंतर नोकरी, पुणं, लग्न, ईशा. त्या सनया फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर माझ्याबरोबर फिरत आल्या. त्या जशा होत्या तशा आहेत. माझ्या आठवणींचं तसं सांगता येत नाही. आठवलं की थोडं फिरवलं जातं, आणि आधीचं पुसलं जातं. काकूच्या हातात त्या दुपारी खरोखर भेंडी होती का, कोण जाणे.

यंदाच्या हळदीला डीजे होता. दुपारी मांडवात खुर्च्या लागत होत्या, आणि काका मागच्या खोलीत बाकावर बसले होते. आता खूपच म्हातारे झालेत. कानाचं यंत्र नातवाने आणून दिलंय, ते खिशात असतं. "बॅटरी संपते उगाच," म्हणतात. समोर टेबलावर जुन्या लुगड्याखाली सिंथेसायझर. ईशाने लुगडं बाजूला केलं. पट्ट्या अजून तेलकट होत्या. "आई, हाच का तो?" तिने विचारलं, आणि मला राहवेना. लॅपटॉप काढला, वायर जोडली. मुद्दाम त्या हळदीची मवाळ सनई आधी चढवली, मुरबाडकडे बायकांनी पदर सोडला होता ती. एक सूर दाबला.

धुरकट वाटली. मला ती चांगली लक्षात होती, अशी नव्हती ती. मी वायर काढून पुन्हा घातली. स्पीकरच्या जाळीवरची धूळ फुंकली. परत तशीच, घोंगडीखालून आल्यासारखी. इतक्या वर्षांत यंत्र बसलं असणार, म्हटलं. मग काकांची चढवली, टोचणारी. सूर दाबला, आणि अंगावर काटा आला. हीच ती. मऊ, किंचित चिरलेली, त्या संध्याकाळची सनई. किती बरोबर बनवली होती काकांनी! मी दाबतच राहिले.

"आई, बंद कर!" ईशा ओरडली. तिने दोन्ही हातांनी कान झाकले होते. "केवढी टोचतेय! आधीची छान होती. एकतर बाहेर त्या किड्यांनी सकाळपासून डोकं उठवलंय."

मी खिडकीकडे बघितलं. अंगणात आंबा होता, ऊन होतं, पान हलत नव्हतं. मी कान देऊन ऐकलं. मग श्वास रोखून ऐकलं.

काकांना यातलं काहीच ऐकू आलं नसणार. त्यांनी ईशाच्या कानांवरचे हात बघितले. पट्टीवर अजून ठेवलेलं माझं बोट बघितलं, माझं तोंड बघितलं. मग ते हळूहळू हसायला लागले, बोळक्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि बाकावर थोडे सरकले.

"ये गो," ते म्हणाले. "बस बाजूला."